रत्न मिळालं, चोर सुटला, पण नळवाल्याचं काय?

ओसरी:
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपली की मी सासूबाईंना शेरलॉक होम्स वाचून दाखवते. वय ८३, डोळ्यांचा पडदा खराब झालाय, स्वतः वाचता येत नाही. मी इंग्रजी पुस्तक हातात धरते आणि तोंडाने मराठी करत जाते. त्यातल्या लेस्ट्रेड या पोलीस इन्स्पेक्टरला त्या 'तुझा तो लिस्टरीन' म्हणतात.

परवा निळ्या रत्नाची गोष्ट घेतली, १८९२ सालची. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ख्रिसमसच्या तोंडावर लंडनच्या एका हॉटेलातून एका काउंटेसबाईंचं रत्न जातं. पकडतात कोणाला, तर त्यांच्या खोलीतल्या शेगडीची सुटलेली सळई डाखायला आलेल्या जॉन हॉर्नर या नळकामवाल्याला. त्याला पूर्वी एकदा चोरीत शिक्षा झालेली, मग काय विचारता. खरा चोर हॉटेलचाच नोकर, रायडर. रत्न एका बदकाच्या पोटातून होम्सपर्यंत येतं, रायडर सापडतो, पाय धरून रडतो, आणि होम्स दार उघडून त्याला म्हणतो, चालता हो. वॉटसनला कारणं देतो: हा पुरता घाबरलाय, पुन्हा असं करणार नाही, आत्ता तुरुंगात टाकला तर जन्माचा तुरुंगवासी होईल, शिवाय दिवस क्षमेचे आहेत. हॉर्नरबद्दल एवढंच, की रायडर साक्षीला उभा राहणार नाही, तेव्हा खटला आपोआप कोसळेल.

मी पुस्तक मिटलं. सासूबाई म्हणाल्या, "आणि तो नळवाला?"
"सुटेल की."
"सुटेल म्हणजे कधी? आत्ता कुठंय?"
"कोठडीत."
"आणि हा काय करतोय?"
मी पुन्हा पुस्तक उघडलं. होम्स वॉटसनला घंटा वाजवायला सांगून जेवण मागवतो. तसंच लिहिलंय.

तर प्रश्न असा. गुन्हेगार हाती लागल्यावर कथेतल्या गुप्तहेराने त्याला परस्पर सोडून देणं तुम्हाला पटतं का? कुठे पटलं, कुठे खटकलं?

खारीबटर:
बसलो. चहा आणतो.

जाड_भिंग:
छान विषय. एक बारीक दुरुस्ती, मूळ इंग्रजीतला goose म्हणजे बदक नव्हे. कलहंस म्हणता येईल.

खारीबटर:
@जाड_भिंग, माणूस कोठडीत आहे आणि तुम्हाला पक्ष्याची पडलीय. तुम्हीच होम्स.

घाटमाथा:
ओसरीकाका, मला पटतं, पण सगळीकडे नाही. माझं आवडतं उदाहरण ॲबी ग्रेंजचं, १९०४. सर ब्रॅकनस्टॉल हा दारुडा, बायकोला मारणारा, तिच्या कुत्र्यावर तेल ओतून त्याला पेटवून देणारा माणूस. तिच्यावर जीव असलेला क्रोकर नावाचा दर्यावर्दी तिला भेटायला येतो, झटापट होते, सर मरतो. होम्स काय करतो? आधी क्रोकरची परीक्षा घेतो. चोवीस तास देतो पळून जायला, म्हणतो. क्रोकर उसळतो, की मी पळालो तर तिला साथीदार म्हणून धरतील, मी जात नाही. मग होम्स स्वतः न्यायाधीश होतो, वॉटसनला ज्युरी करतो आणि निर्दोष म्हणून सोडतो.

हे पटतं, कारण त्या बाईला दुसरी वाटच नव्हती. त्या काळच्या इंग्लंडात नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरे, बायकोला मात्र व्यभिचार आणि शिवाय छळ किंवा असंच काहीतरी सिद्ध करावं लागे. हा फरक गेला १९२३ मध्ये, आणि नुसत्या छळावर घटस्फोट मिळायला १९३७ उजाडलं. ती बाई गोष्टीत या कायद्याला शिव्याच घालते. कायदाच असा असेल तर होम्सने काय करावं?

ओसरी:
@घाटमाथा, काका नाही, काकू. सासूबाई आहेत म्हटल्यावर काका कसे? :)

घाटमाथा:
काकांनाही सासूबाई असतात. पण चूक झाली, माफी.

मृदा:
काकू, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी एक गोष्ट सुचवते, वाचून झाली नसेल तर. मिल्व्हर्टनची. मिल्व्हर्टन म्हणजे बायकांची जुनी पत्रं मिळवून त्यांच्याकडून पैसे उकळणारा. त्याच्या घराची आतली माहिती हवी म्हणून होम्स वेष बदलून त्याच्या मोलकरणीशी ओळख वाढवतो, फिरायला नेतो आणि चक्क लग्न ठरवतो. ॲगाथा तिचं नाव. वॉटसनसुद्धा दचकतो, विचारतो की त्या मुलीचं काय? होम्स म्हणतो, डाव मोठा आहे, आणि मी पाठ फिरवताच तिच्यामागे लागलेला दुसरा एकजण आहेच.

पुढे होम्स आणि वॉटसन तिथे रात्री चोरी करायला शिरतात, त्यांच्या डोळ्यांदेखत एक बाई मिल्व्हर्टनला गोळ्या घालते, आणि दोघं गप्प बसतात. चर्चा नेहमी त्या गोळ्यांची होते. मला खुनापेक्षा ॲगाथा जास्त छळते. सकाळी मालक मेलेला, नोकरी गेलेली, ठरलेला नवरा गायब. पोलीस तिला किती वेळा विचारतील, की हा तुझा होणारा नवरा कोण, कुठला? लेखकाने एक ओळ लिहिली नाही.

खारीबटर:
थांबा. ॲगाथाला भेटताना होम्स कसला वेष घेतो आठवतंय का? प्लंबरचा! एस्कॉट नावाचा प्लंबर. म्हणजे १८९२ ला एक प्लंबर आत घातला, १९०४ ला एक प्लंबर लग्न मोडून पळाला. बेकर स्ट्रीटवर या माणसाचा नळ गळतच राहिला असणार, कोण येईल दुरुस्तीला?

सनद:
@खारीबटर :)) हे आयुष्यभर पुरेल.

निवृत्त_फौजदार:
सदर धाग्यावर प्रथमच लिहीत आहे. चौतीस वर्षे खात्यात काढली. होम्स जे करतो त्याला आमच्यात 'समज देऊन सोडणे' म्हणतात. दररोज होते. कॉलेजची पोरं, नवरा-बायको, भाऊबंदकी, सगळ्यांची केस केली तर कोर्ट बुडेल. तेव्हा सोडण्यावर माझा आक्षेप नाही. पण समज देऊन सोडताना दुसरा कोणी त्याच गुन्ह्यात आत नसतो. इथे आहे. माझ्या ठाण्यात असे झाले असते तर मी आधी हॉर्नरचा १६९ चा, म्हणजे पुरावा नसल्याचा, रिपोर्ट करून त्याला मोकळा केला असता, मग रायडरचे काय ते बघितले असते.

दुसरे. रेकॉर्डवरचा माणूस हा विषय गोष्टीतला नाही. चोरी झाली की वरून फोन येतो, आज संध्याकाळपर्यंत कोणीतरी दाखवा. मग यादी काढायची आणि त्यातली माणसे उचलायची. मीही उचलली आहेत. त्यातली किती चोर होती ते विचारू नका.

ओसरी:
@निवृत्त_फौजदार, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाल्या, "हा माणूस खरं बोलतोय, याला जास्त प्रश्न विचारू नकोस."

पोटमाळा:
फौजदारसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. आपल्याकडे अख्ख्या जमाती अशा यादीत होत्या. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, तो रद्द झाला १९५२ मध्ये. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट होती. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन वाचलंत तर हॉर्नर घरी कसा जगत असेल ते कळतं. होम्स रायडरबद्दल म्हणतो ना, की तुरुंगात घातला तर जन्माचा तुरुंगवासी होईल? अहो, तो तसा झालेला माणूस त्याच गोष्टीत आहे! एकदा शिक्षा भोगलेला, कामधंद्याला लागलेला, आणि तरी पहिला हात त्याच्याच मानेवर. होम्सला आपला मुद्दा एवढा नेमका कळतो आणि समोरचा पुरावा दिसत नाही.

जाड_भिंग:
@पोटमाळा, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. वा.

सनद:
थोडं कायद्याचं बोलते, कंटाळा आला तर पुढे सरका.

होम्स आज आपल्याकडे असता तर? खाजगी गुप्तहेरांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. २००७ मध्ये राज्यसभेत एक विधेयक आलं होतं, कायदा काही झाला नाही. म्हणजे होम्स हा कायद्याच्या नजरेत तुमच्या-माझ्यासारखा एक इसम. आता काही ठरावीक गुन्ह्यांची माहिती कळली तर ती पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला देणं प्रत्येक माणसावर बंधनकारक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३९, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३३. त्या यादीत खून आहे, साधी चोरी नाही. गंमत बघा: रायडरबद्दल होम्स गप्प बसला तर या कलमाखाली सुटेल, ॲबी ग्रेंजमध्ये अडकेल. आणि तिथे तो नुसता गप्प बसत नाही, न्यायनिवाडा करून मोकळा होतो.

दुसरी गंमत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुराव्यात चालत नाही. होम्स पोलीस नाही, म्हणून त्याच्यापुढे रायडरने दिलेली कबुली चालू शकते. दुबळा पुरावा, पण चालते. म्हणजे हॉर्नरला त्याच दिवशी बाहेर काढण्याचं साधन पोलिसांकडे नव्हतं, होम्सकडे होतं. बॉस्कोम खोऱ्याच्या गोष्टीत (१८९१) तो हे बरोबर करतो. तिथला खुनी म्हातारा मरणाच्या दारात असतो, त्याच्याकडून लेखी कबुली सहीनिशी घेऊन ठेवतो आणि सांगतो, आत असलेला पोरगा दोषी ठरला तरच ही वापरेन. अशी एक चिठ्ठी रायडरकडून घ्यायला काय झालं होतं? तो पोरगा जमीनदाराचा जावई होणार होता आणि हॉर्नर नळवाला, एवढाच फरक मला दिसतो.

घाटमाथा:
@सनद, शेवटचं वाक्य जरा ताणलेलं वाटतं. होम्स गरिबांच्या केसेस फुकट घ्यायचा, श्रीमंतांना तोंडावर बोलायचा. आणि लेखकाला त्या गोष्टीत ख्रिसमसची हलकीफुलकी कथा लिहायची होती. तुम्ही सगळे मिळून सोनपापडीत खडे शोधताय.

सनद:
@घाटमाथा, खडा दाताखाली आला तो ८३ वर्षांच्या बाईंच्या. मी नंतर आले.

जाड_भिंग:
लेखकाला या बाजूची जाण नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही, आणि इथे आपल्या मुंबईचा धागा आहे. शापूरजी एदलजी नावाचे मुंबईचे पारशी गृहस्थ ख्रिस्ती झाले आणि इंग्लंडात ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावी पाद्री म्हणून राहिले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील. १९०३ मध्ये रात्री एका घोड्याला भोसकल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. गोऱ्यांच्या गावात वर्णाने वेगळा मुलगा, निनावी पत्रं, पोलिसांची आधीपासूनची खुन्नस. तीन वर्षांनी सुटला, पण डाग तसाच. होम्सचे लेखक कॉनन डॉयल त्याला पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून वाचत बसला होता. डॉयल स्वतः डोळ्यांचे डॉक्टर. तिथेच त्यांना वाटलं, हा माणूस काळोखात शेतं ओलांडून घोड्यापर्यंत जाणार कसा?

१९०७ मध्ये त्यांनी 'डेली टेलिग्राफ'मध्ये लेख लिहून रान उठवलं. सरकारने जॉर्जला माफी दिली, पण काही पत्रं त्यानेच लिहिली असावीत असं म्हणत भरपाई नाकारली. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन झालं, त्यामागे ही केसही होती.

म्हणून मला वाटतं, १८९२ मध्ये 'खटला आपोआप कोसळेल' असं सहज लिहिणाऱ्या माणसाला पंधरा वर्षांनी कळलं, की खटला कोसळला तरी माणूस उभा राहत नाही.

पोटमाळा:
आपल्याकडे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांनी हा घोळच ठेवला नाही. झुंजार काय, काळा पहाड काय, कायद्याच्या बाहेर राहूनच न्याय करणार. वाचनालयात पंचवीस पैसे भरून मी दिवसाला दोन संपवायचो. झुंजारने कोणाला सोडावं की नाही असा प्रश्न कधी पडला नाही. खलनायक शेवटच्या पानावर जायचाच.

बंगाली कथांमधला व्योमकेश बक्षी मात्र या रांगेत बसतो. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्य शोधणं हे काम, पुढचं बघू. 'आदिम रिपु' या गोष्टीत दंगलींनंतरचं कलकत्ता आहे, स्वातंत्र्य येऊ घातलंय, आणि व्योमकेश खुनी माहीत असून त्याला जाऊ देतो. दूरदर्शनवर १९९३ मध्ये रजित कपूरला बघून आम्ही सगळे घरात धोतर नेसायला बघत होतो, ते वेगळं.

जर्सीकर:
सगळे होम्सवरच अडकलात. ॲगाथा क्रिस्तीबाईंच्या पॉयरो या गुप्तहेराची बर्फात अडकलेली गाडी, ओरिएंट एक्सप्रेस, विसरलात का? १९३४. शेवटी तो दोन उत्तरं मांडतो आणि पोलिसांना कोणतं द्यायचं ते दुसऱ्यांवर सोपवतो. बारा जणांनी

खारीबटर:
अरेरेरे! स्पॉयलर! माझं अर्धं राहिलंय!

जर्सीकर:
नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे हो. बरं, बारा जणांनी जेवण केलं. पुढचं सांगत नाही.

सांगायचं होतं ते वेगळंच. त्या कथेमागचं मूळ प्रकरण आमच्या शेजारचं. लिंडबर्ग या वैमानिकाचं बाळ १९३२ मध्ये पळवलं गेलं, ते न्यू जर्सीत हॉपवेलजवळच्या घरातून. आमच्याकडून गाडीने अर्धा तास. फ्लेमिंग्टनच्या कोर्टात खटला चालला, १९३६ मध्ये एकाला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड झाला. पण त्याआधी पोलिसांनी बाळाच्या आजोळच्या एका मोलकरणीला इतक्यांदा चौकशीला बसवलं, की पुन्हा बोलावणं आलं तेव्हा तिने विष घेतलं. व्हायोलेट शार्प. गुन्ह्याशी तिचा संबंध नव्हता. कादंबरीतही बाळाच्या दाईवर संशय येतो, ती खिडकीतून उडी टाकते, नंतर निर्दोष ठरते. (हे सुरुवातीलाच कळतं, @खारीबटर, घाबरू नका.) क्रिस्तीबाईंनी निदान ती दाई विसरू दिली नाही, गाडीतला शेवट तिच्याही हिशोबाचा आहे. मृदा म्हणतात त्या ॲगाथाला हे नशीब मिळालं नाही.

तिसरी_घंटा:
वाचनमात्र होते, आज लिहिते.

मी साधारण वीस वर्षांपूर्वी पुण्यात एका डिटेक्टिव्ह एजन्सीत तीन वर्षं काम केलं. नव्वद टक्के काम लग्नाआधीच्या चौकशीचं. मुलगा पितो का, आधीचं काही लफडं आहे का, पगार सांगतात तेवढाच आहे का. एका मुलाची चौकशी आली. मुलगा उत्तम, घर उत्तम. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या पोराशी मी दोन दिवस गप्पा मारल्या, माझ्या भावासाठी स्थळ बघतेय असं सांगून. तो सहज बोलून गेला, की दादांच्या फिटच्या गोळ्या महिन्याला आमच्याकडूनच जातात. सहा वर्षांत फिट आली नव्हती.

रिपोर्टात लिहावं की नाही यावर मी एक रात्र काढली. पैसे मुलीच्या बापाने दिले होते, मुलीला कळायचा हक्क होता, असं म्हणून लिहिलं. लग्न मोडलं. ते कदाचित मोडायचंच असेल. पण मुलाकडच्यांनी हिशोब लावला, की हे मेडिकलशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी मी त्या रस्त्याने गेले तर काउंटरवर दुसरा पोरगा. मी विचारलं नाही.

होम्सची एक गोष्ट आहे, मेरी सदरलंडची. तिच्या पैशासाठी सावत्र बापच वेषांतर करून तिचा प्रियकर बनतो आणि लग्नाच्या दिवशी चर्चला जाता जाता गायब होतो. होम्सला सगळं कळतं आणि तो तिला सांगत नाही, का तर तिला खरं वाटणार नाही. अशील ती! मला त्याचा फार राग यायचा. मेडिकलनंतर तेवढा येत नाही.

मृदा:
@तिसरी_घंटा, लिहिलंत हे बरं केलंत.

निवृत्त_फौजदार:
खबऱ्याचे नाव कागदावर येऊ न देणे हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आपल्याला कोणी शिकवले नाही, यात आपला दोष कमी आहे.

घाटमाथा:
एक मान्य करतो. या सगळ्या दयेमागे फास आहे. इंग्लंडात खुनाला फाशी १९६५ पर्यंत होती, म्हणजे गुप्तहेराने बोट दाखवलं की त्या माणसाची मान गेली. डोरोथी सेयर्सबाईंच्या कादंबऱ्यांतला गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी बघा. १९३७ च्या कादंबरीत खुनी शोधतो, मग त्याच खुन्यासाठी स्वतःच्या पैशाने सर्वोत्तम वकील देतो, त्याची क्षमा मागायला जातो, ती मिळत नाही. फाशीच्या सकाळी बायकोच्या कुशीत शिरून रडतो. पहिल्या महायुद्धाने आतून मोडलेला माणूस. मला सोडून देणाऱ्या होम्सपेक्षा हा जास्त खरा वाटतो. काम पुरं केलं आणि किंमतही स्वतः मोजली, मोलकरणीवर ढकलली नाही.

खारीबटर:
घाटमाथा बाजू बदलतायत, नोंद घ्यावी.

ओसरी:
इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. रोज थोडे थोडे वाचून दाखवतेय. काल एदलजीचं वाचलं आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग जे सांगितलं ते मला लग्नाला एकतीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

त्यांचे वडील इचलकरंजीला एका माग कारखान्यात दिवाणजी होते. सुताची बाचकी कमी भरली, नाव यांच्यावर आलं. तीन आठवडे चौकीच्या फेऱ्या, घरी झडती, आजीच्या पेटीतले कपडे रस्त्यावरून दिसतील असे ओट्यावर टाकलेले. मग एक दिवस मालकाने घरी बोलावून सांगितलं, झालं गेलं विसरा, उद्यापासून कामावर या. माल मालकाच्या पुतण्याने विकला होता. घरातलं प्रकरण, पोराचं लग्न ठरलेलं, म्हणून मालकाने तक्रार गुपचूप मिटवली. वडील कामावर गेले. गावाला कोणी काही सांगितलं नाही, त्यामुळे गावासाठी ते 'सुटलेले' राहिले. सासूबाईंच्या लग्नात दोन ठिकाणी हीच अडचण आली.

मी म्हटलं, मालकाने पुतण्याला सोडलं याचा राग येतो का? म्हणाल्या, "त्याला सोडलं तर सोडलं. चावडीवर उभं राहून एकदा म्हणायचं होतं, की दिवाणजी नव्हते. तेवढ्याला पैसे पडत नव्हते."

आता आज कुठली गोष्ट वाचू विचारलं, तर कुत्र्याची घे म्हणतात. बास्करव्हिलची. लांब आहे, महिनाभर पुरेल.

जाड_भिंग:
काकू, ती वाचताना दलदलीचं वर्णन गाळू नका.

सनद:
तुरुंगातून पळालेला एकजण त्यातही आहे, काकू. तयारीत राहा, प्रश्न येणार.

खारीबटर:
आज आमच्याकडे सिंकचा नळ दुरुस्त करायला माणूस आला होता. बायकोने अंगठी ओट्यावर काढून ठेवली होती, मी उचलून आत ठेवायला गेलो आणि हा धागा आठवला. तिथेच ठेवली. चहा दिला. नळ अजून गळतोय, पण तो उद्या वॉशर घेऊन परत येतो म्हणालाय.